घराच्या पायात फरशी, मोरी आणि पुरलेला रांजण निघाला – पैठण, जुनं गाव

गोदाकाठची
नमस्कार. घाईत लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

पैठणच्या जुन्या गावात आमचं आजोबांच्या वेळचं माळवदाचं, म्हणजे लाकडी तुळयांवर पांढरी माती टाकलेल्या सपाट छताचं घर होतं. पुढं ढाळज (दारालगतची बैठकीची ओसरी), मधी चौक, मागं परस. तुळयांना वाळवी लागली, माळवद गळायला लागलं, शेवटी पाडून स्लॅबचं बांधायचं ठरलं. गल्लीत जेसीबी शिरत नाही, म्हणून कॉलमचे खड्डे माणसं लावून खांदायलोत.

चौकाच्या मागच्या बाजूच्या खड्ड्यात पाच-साडेपाच फुटांवर घडीव दगडाची फरशी लागली. तिला एका बाजूला उतार आहे. उताराच्या टोकाला विटांची हातभर मोरी, आणि मोरीच्या तोंडाशी जमिनीत पुरलेला मोठा रांजण. रांजणाचं तोंड शाबूत आहे, बुडाला भोक आहे, आत हिरवट-करडी माती आणि खापराचे तुकडे. शेजारच्या खड्ड्यात आमच्या दगडी भिंतीच्या बरोब्बर खाली आणखी एक भिंत आहे, पातळ विटांची, चुन्यातली. दोन्हींच्या मधी पांढऱ्या मातीचा फूटभर ढीग आणि कोळशासारखा काळा पट्टा. काचेच्या बांगड्यांचे रंगीत तुकडे तर मूठभर निघाले. एक भाजलेल्या मातीची बारकी चिलीमही मिळाली, फरशीचा एक दगड हलवला तेव्हा त्याच्या खाली.

आता गल्लीत चर्चा सुरू झाली की रांजण धनाचा होता, कुणीतरी बूड फोडून आधीच नेलं. एक गृहस्थ तर पायाळू माणूस, म्हणजे पायाकडून जन्मलेला, ज्याला पुरलेलं धन दिसतं असं लोक मानतात, घेऊन येतो म्हणायलेत. मिस्त्री म्हणतो, गुपचूप बुजवा, नाहीतर सरकार जागा लावून घेईल. वडलांना धास्ती बसलीय. मला विचारायचंय एवढंच की हे घर किती जुनं असेल, आणि आम्ही करावं काय? काँक्रीट पुढच्या आठवड्यात आहे.

इतिहासवेडा
ताई, अभिनंदन! पैठण म्हणजे प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. पाच फुटांवर विटा आहेत म्हणजे हे नक्की सातवाहनकालीन. दोन हजार वर्षं! घडीव दगड असेल तर निदान यादवकालीन हेमाडपंती तरी आहेच. लगेच पेपरवाल्यांना बोलवा.

बांधकामवाला गेवराई
मिस्त्रीचं ऐका. आमच्याकडं एकाच्या पायात असंच काय काय निघालं, बघ्यांनी काम महिनाभर अडवलं. आणि विटांवर कॉलम उभा करू नका, भराव मातीत फुटिंग बसतं. पक्की जमीन लागेपर्यंत खांदा, तिथं पीसीसी (साध्या काँक्रीटचा थर) करा. बाकी इतिहास नंतर.

आरेखक, निवृत्त
ताई, मी उत्खननात आरेखक होतो. म्हणजे खांदणारे खांदायचे, साहेब लोक वाद घालायचे आणि मी खड्ड्यात बसून आलेखाच्या कागदावर दगड न् दगड काढायचो. त्यामुळं भिंतींकडं बघायची सवय आहे. तुमचं वर्णन फार नीट आहे.

आधी रांजण. तो धनाचा नाही, सांडपाण्याचा आहे. उताराची फरशी म्हणजे न्हाणी. मोरीतून पाणी रांजणात, रांजणाच्या भोकातून जमिनीत. आत खापराचे तुकडे भरलेत ते पाणी मुरावं आणि गाळ अडावा म्हणून. बूड कुणी फोडलेलं नाही, रांजण बसवतानाच भोक पाडलंय. भोकाच्या कडेला हात फिरवून बघा, कडा झिजून गुळगुळीत झाली असेल आणि तिच्यावर पांढुरकं किटण असेल. नांदेडच्या शोषखड्ड्यांचा सगळ्या महाराष्ट्रात गवगवा झाला, पण युक्ती ही अशी जुनी आहे. हिरवट-करडा रंग त्या घाणीचाच. पायाळू माणसाला आणायचंच असेल तर आधी त्याला रांजणाचा वास घ्यायला लावा.

आता वय. इतिहासवेडा यांनी सातवाहन म्हटलं. उत्साह समजतो, पण पैठणात नुसती वीट बघून काळ सांगणं धोक्याचं. सातवाहनांची वीट मोठी असते, हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत भरेल अशी. गावातले लोक शतकानुशतकं जुन्या वस्तीच्या टेकाडातून तीच उकरून काढून पुन्हा वापरत आलेत. म्हणजे मोठी वीट मिळाली तरी भिंत सातवाहनांची ठरत नाही. तुमची तर पातळ वीट, तीही चुन्यात. आणि हेमाडपंती म्हणतात ते चुन्याशिवायचं दगडी काम, त्याचा इथं संबंधच येत नाही. नुसत्या घडीव दगडाला हेमाडपंती म्हणायचं ठरवलं तर माझ्या सासुरवाडीचा उंबराही हेमाडपंती होईल.

तुमच्याकडं सगळ्यात बोलकी वस्तू चिलीम आहे, आणि त्याहून बोलकी तिची जागा. ती फरशीच्या खाली होती. तंबाखू आपल्याकडं पोर्तुगीजांबरोबर आली. अकबराच्या दरबारात ती विजापूरहून गेली ती १६०४ च्या सुमारास, म्हणजे दख्खनेत त्याआधी थोडीफार रुळली होती. चिलीम तंबाखूची असेल, आणि हुक्क्यावर बसते तशी खालून नळीची असेल, तर तिच्यावर बसवलेली न्हाणी साधारण १६०० च्या अलीकडची. मलिक अंबर, मग मोगल, मग निजाम, यांच्यात कुठंतरी. किती अलीकडची ते चिलीम सांगत नाही. ‘याच्या आधी नाही’ एवढंच ती सांगते. नाण्याचंही असंच. खड्ड्यात शिवराई सापडली की लोक शिवकाल म्हणून मोकळे होतात. शिवराई १६७४ ला पाडायला लागले हे खरं, पण ती एकोणिसाव्या शतकातही बाजारात चालत होती. तुमच्या खापरपणजीच्या बटव्यातूनही पडलेली असू शकते.

बांगड्या मात्र जपा. रंगीत काचेच्या असल्या बांगड्या तुमच्या जवळच नेवाशाला पुरातत्त्वज्ञ सांकलियांच्या १९५४ ते १९५६ च्या उत्खननात वरच्या थरात निघाल्या होत्या. त्या थराला त्यांनी साधारण १४०० ते १७०० असा काळ दिला. तुकडे एकाच पिशवीत टाकलेत का? टाकले असतील तर मजुरांना विचारा, कुठले फरशीच्या वरचे आणि कुठले खालचे. खांदणाऱ्याला आठवतं. आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त आठवतं.

तुमचा खरा प्रश्न त्या दोन भिंतींचा आहे, फक्त तुम्ही तो विचारला नाही. वरची भिंत खालच्या भिंतीच्या बरोब्बर डोक्यावर कशी आली? हे बघायचं असेल तर खड्ड्याची बाजू खुरप्यानं हलक्या हातानं तासा. वरून खाली नाही, आडवी तासा. मग फवारणीच्या पंपानं नुसतं पाण्याचं धुकं मारा आणि थोडा वेळ जाऊ द्या. माती ओली होऊन सुकायला लागली की थर वेगवेगळ्या वेगानं सुकतात आणि रेघा उमटतात. मग तीन गोष्टी शोधा.

पांढऱ्या मातीचा ढीग म्हणजे बहुतेक पडलेलं माळवद. त्यात तुळईचा, किलचनाचा (तुळयांवर आडव्या घातलेल्या बारक्या लाकडांचा) जळका तुकडा आहे का बघा. काळा पट्टा खड्ड्याच्या चारी बाजूंना दिसला तर घर जळालं असेल. एकाच कोपऱ्यात असेल तर चूल होती, आगीची गोष्ट रचायची गरज नाही.

वरच्या भिंतीचा पाया कुठून खांदलाय ते बघा. भिंतीला लागून, ढिगाऱ्याला कापत जाणारी भुसभुशीत मातीची उभी रेघ दिसेल. ती रेघ ज्या थराच्या माथ्यापासून सुरू होते, तिथं उभं राहून तुमच्या पूर्वजांनी पाया खांदला. माझा अंदाज, ती पांढऱ्या ढिगाऱ्याच्या माथ्यावरून सुरू होत असेल: जुनं घर पडलं, लोकांनी मलबा बाहेर न फेकता तिथंच सपाट केला आणि जुन्या भिंतीचं डोकं हुडकून तिच्यावरच नवी चढवली. पक्का पाया फुकटात मिळाला आणि शेजाऱ्याशी हद्दीवरून भांडण नको. गल्लीही अशीच वर येत जाते. पैठणात काही घरांत उंबऱ्यावरून खाली उतरावं लागतं ते त्यामुळंच.

तिसरं, जमीन. खालच्या भिंतीच्या गिलाव्यापर्यंत एखादी जमीन येऊन किंचित वर वळलेली दिसते का? सारवताना बाई भिंतीशी हात वर ओढते, तो हात तिथं दिसतो. त्या ठिकाणी सुरीच्या टोकानं बघाल तर सारवणाचे थर पापडाच्या चळतीसारखे एकावर एक असतात, एक राखट, एक पिवळसर. जमीन अशी भिंतीला येऊन टेकली असेल तर ती भिंतीच्या वेळची किंवा नंतरची. भिंतीनं जमीन कापलेली असेल तर भिंत नंतरची. एवढ्यावर घराची सगळी वंशावळ लागते. सोनंनाणं लागत नाही.

थोडं रागानं सांगतो, कारण आयुष्यभर हे बघितलंय. पैठणला निजामाच्या पुरातत्त्व खात्यानं १९३७ ला खांदलं, नंतर १९६५ ला झालं, १९९० च्या दशकात नागघाटाकडं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि इंग्रज संशोधक मिळून झालं. ओढा जास्त करून जुन्याकडं, आणि ते साहजिकही आहे. पण मी ज्या-ज्या खड्ड्यांत बसलो तिथं काही साहेबांची एक सवय होती, वरचे चार-पाच फूट ‘विस्कटलेला थर’ म्हणून भराभर काढायचे. त्या चार-पाच फुटांत लोकांची तीन-चारशे वर्षं असायची. न्हाणी, चूल, धान्य साठवायचं बळद, पेव, सगळं पाटीत जायचं. भरल्या गावाखाली तर कुणी खांदूच शकत नाही, घर कोण पाडू देणार? म्हणून मध्ययुगातलं साधं शहरी घर आपल्याला देवळापेक्षा, किल्ल्यापेक्षा कमी माहीत आहे.

दौलताबादचं वेगळं, कारण तिथलं शहर ओस पडलं. १३२७ ला तुघलकानं जिथं दिल्ली आणली त्या अंबरकोट-महाकोट या तटांच्या आतल्या वस्तीवर म. श्री. माटे आणि टी. व्ही. पाथी यांनी काम केलं, अहवाल १९९२ ला निघाला. पुढं सर्वेक्षण खात्यानं खालच्या शहराचे मोठे रस्ते आणि बोळ उघडे केले. लोक चांदमिनारापुढं सेल्फी काढून मेंढा तोफेकडं पळतात आणि त्या जोत्यांकडं बघतही नाहीत. तुम्ही एकदा वडलांना घेऊन जा. जोती, मोऱ्या बघितल्या की आपल्या खड्ड्यात काय आहे ते त्यांना लगेच उमजेल.

पायरीवरचा वकील
कायद्याची बाजू, कारण मिस्त्रीनं घाबरवून ठेवलंय.

पायात जुनी भिंत निघाली म्हणून जागा आपोआप सरकारजमा होत नाही. एखादी जागा राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून संरक्षित करायची तर १९५८ च्या कायद्याखाली राजपत्रात आधी सूचना काढावी लागते आणि हरकतींसाठी दोन महिने द्यावे लागतात. न्हाणी आणि मोरी बघून कुणी एवढा खटाटोप करत नाही.

बघायचं ते दुसरंच. तुमची जागा एखाद्या केंद्र संरक्षित स्मारकापासून किंवा स्थळापासून १०० मीटरच्या आत येते का? तिथं नवं बांधकाम बंद आहे. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. पैठणात हे तपासलंच पाहिजे. नगरपरिषदेची परवानगी घेताना पाहिलं असेल, तरी कागद पुन्हा बघा.

गुप्तधनाचा कायदा १८७८ चा आहे. जमिनीत पुरलेलं, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. रक्कम त्या काळची आहे, हसू नका, कायदा अजून तोच आहे. तुमचा रांजण त्यात बसेल असं वाटत नाही. पण नाणी निघाली तर लपवू नका. बांगड्यांचे तुकडे कुणी विकत मागितले तर देऊ नका, शंभर वर्षांवरच्या पुराणवस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. आणि पायाळूवाल्या गृहस्थांना सांगा, गुप्तधनासाठी अघोरी प्रकार केले तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

राज्याच्या पुरातत्त्व विभागाचं कार्यालय संभाजीनगरात आहे. एक साधा अर्ज फोटोंसह द्या, पोच घ्या. पोच हातात असली की गल्लीतली चर्चा अर्धी कमी होते.

इतिहासवेडा
चिलीम गांजाचीही असू शकते ना? मग १६०० कसं धरायचं?

आरेखक, निवृत्त
रास्त शंका. म्हणूनच मी हुक्क्याची नळी बघायला सांगितलं. हातात धरून ओढायची सरळ चिलीम असेल तर माझं १६०० मोडीत निघालं, मग बांगड्या आणि खापरांवर भिस्त. ताई, एका बाजूनं आणि बुडाकडून असे दोन फोटो टाका, शेजारी पट्टी ठेवून.

गोदाकाठची
काका, फोटो टाकलेत. चिलमीला खालून आखूड नळी आहे, आणि बाहेरून पाकळ्यांसारखी नक्षी. आत काळं बसलंय, ते धुतलं नाही.

पाणी मारून बघितलं. भावाला आधी पटेना, नंतर तोच पंप सोडंना. तुम्ही म्हणालात तशी भिंतीला लागून भुसभुशीत रेघ दिसली, आणि ती पांढऱ्या ढिगाऱ्याच्या माथ्यावरनंच सुरू होते. काळा पट्टा दोनच बाजूंना आहे, म्हणजे चूल असावी. त्या कोपऱ्यात जळकी हाडं आणि राख पण आहे. खालच्या भिंतीशी जमीन वर वळलेली आहे. आई बघायला खाली उतरली आणि म्हणाली, कड अशी डावीकडं ओढलीय, सारवणारी डावरी असणार. खरं-खोटं देव जाणे.

वकील साहेब, कागद काढले, १०० मीटरच्या आत काही येत नाही. अर्ज लिहिलाय, उद्या भाऊ घेऊन जाईल. इंजिनिअर म्हणाले कॉलम हलवता येत नाही, पण शौचालयाची टाकी न्हाणीच्या जागी येत होती ती परसाकडं सरकवू. म्हणजे फरशी, मोरी आणि रांजण वाळू भरून तसेच खाली राहतील. भिंतीचा दोन फुटांचा भाग मात्र कॉलमात जाणार.

दोन प्रश्न. जाणारा भाग कसा नोंदवायचा? आणि बांगड्या, चिलीम संग्रहालय घेतं का? तेरला लामतुरे संग्रहालयात लहानपणी गेले होते, तिथं असलंच काचेत ठेवलेलं बघितलंय.

आरेखक, निवृत्त
नळी असलेली चिलीम म्हणजे हुक्क्याची. मग न्हाणी १६०० नंतरची, आणि खालची चुन्यातली भिंत न्हाणीच्या बरोबरची की आधीची ते जमिनीवरून ठरेल. वर वळलेली जमीन आणि न्हाणीची फरशी एकाच पातळीत आहेत का? पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढा, मिस्त्रीकडं असतेच. पातळी जुळली तर घर एकाच वेळचं. फरशी वीतभर वर असेल तर न्हाणी नंतर घातली.

आईच्या निरीक्षणाला हसू नका, मी तसं काही ऐकलं नव्हतं पण नोंदवून ठेवा.

जाणाऱ्या दोन फुटांसाठी: कॉलम कुणी हलवणार नाही, हे धरून चला. शेजारच्या घराच्या ओट्यावर रंगानं एक खूण करा आणि सगळी खोली त्या खुणेपासून मोजा, जमिनीपासून नको, जमीन तर तुम्ही उद्या बदलणार. दोरी आडवी ताणा, दर फुटाला ओळंबा सोडा, थराची रेघ कितीवर येते ते लिहा. मुलांच्या गणिताच्या वहीचा चौकटीचा कागद चालतो, एक चौकोन म्हणजे दोन इंच. विटेची लांबी, रुंदी, जाडी पाच-सहा विटांची घ्या, एकीची नको. चुन्याचा सुपारीएवढा तुकडा वेगळ्या पिशवीत. रांजणातली खालची माती अर्धी पाटी काढून सावलीत वाळवा आणि धान्याच्या गोणीत नाही, स्वच्छ पिशवीत ठेवा. त्यात बिया असतात, आणि तुमच्या ज्वारीचा एक दाणा जरी मिसळला तरी पुढच्या माणसाची दिशाभूल होते.

संग्रहालयाचं स्पष्ट सांगतो. नुसते तुकडे नेलेत तर नम्रपणे परत पाठवतील, असले तुकडे त्यांच्याकडं पोत्यानं असतात. थरानुसार पिशव्या, प्रत्येकीत पेन्सिलनं लिहिलेली चिठ्ठी, आणि तो चौकटीचा कागद, असं घेऊन गेलात तर विचार करतील. शाई ओलीनं फुटते, म्हणून पेन्सिल. पैठणलाही शासकीय संग्रहालय आहे, आधी तिथं विचारा. विद्यापीठाच्या इतिहास विभागात एक प्रत द्या, कुणीतरी विद्यार्थी मध्ययुगीन घरांवर काम करत असेल तर तो तुमचे पाय धरेल.

आणि फोटो दुपारच्या उन्हात काढू नका, अर्ध्या खड्ड्यात सावली पडून थर दिसत नाहीत. सकाळी ऊन यायच्या आत काढा, नाहीतर दोघांना वर चादर धरून उभं करा.